पहिली पसंती

९ सप्टेंबर

मिस्टर लॉवेल यांनी शिकवणीच्या पहिल्याच दिवशी आम्हा सगळ्या आयांना बसवून सांगितलं, "या वर्षी मनात येईल ते लिहून काढत जा, म्हणजे पोरांवर निघणार नाही." घरी येऊन हे कर्टिसला सांगितलं तर म्हणतो, "अर्लीन, मग तुला एक वही पुरायची नाही." नवरा आहे की वैरी, कळत नाही.

असो. लेकीचं, जॅनिनचं, परीक्षेचं वर्ष सुरू झालं. या बेटावर मोडलेलं लग्न लोक विसरतात, पण अकराव्या वर्षी कुठली शाळा मिळाली ते मरेपर्यंत विसरत नाहीत. कॉन्व्हेंटचा निळा पिनाफोर अंगावर चढतो की सरकारी शाळेचा तपकिरी स्कर्ट, त्यावरून पुढे बँकेत खुर्ची मिळते की रांग. उगाच नाही सांगत, आमच्याच घरात बघा ना. आम्ही दोघी बहिणी एकाच आईच्या, तिच्या शिलाई मशीनच्या खडखडाटात वाढलेल्या. मला सेंट आगाथा कॉन्व्हेंट मिळालं, यूलिनला नाही मिळालं. आज मी डिएगो मार्टिनला, कर्टिसचं हार्डवेअरचं दुकान आहे, दारात दोन गाड्या. यूलिन मोर्व्हांटच्या टेकडीवर राहते. तिचा नवरा बोयो मॅक्सी, म्हणजे भाड्याची छोटी बस, चालवतो, आणि ती शाळेच्या फाटकाशी टोपली घेऊन तळलेले बेकचे पाव नि खारा मासा विकते. देवाची मर्जी, दुसरं काय. मेहनत मात्र माझी.

यूलिनची केरीशाही याच वर्षी बसतेय. तिला कुठली शिकवणी! म्हणून मी ठरवलंय, जॅनिनने सोडवलेली सरावपुस्तकं पेन्सिल खोडून तिला द्यायची. आपल्याच रक्ताचं पोर आहे.

२८ सप्टेंबर

सकाळभर खोडत बसले. बोटं दुखायला लागली. दुपारी यूलिन केरीशाला घेऊन आली.

"ताई, किती गं करतेस आमच्यासाठी," यूलिन म्हणाली.

"अगं, पडूनच असतात."

केरीशाने तिथेच उभ्या उभ्या एक पुस्तक उघडलं नि नाक त्याला टेकवलं. "मावशी, इथे जॅनिनने नऊ लिहिलं होतं. अजून दिसतंय. तिने आधी वजा केलं आणि मग गुणलं, म्हणून चुकलं."

"तू तुझं बघ," मी म्हटलं.

पण आमच्या बाईसाहेबांना ना लाज ना शरम! "मला हे कोणी असं सांगितलंच नव्हतं!" म्हणून केरीशाचा हात धरून व्हरांड्यात गेली, आणि दोघी फरशीवर पोटावर पडून गणितं करत बसल्या. मिस्टर लॉवेल महिन्याला घेतात त्यात यूलिनचं घर चालेल, आणि जॅनिनला अपूर्णांक कळतात फरशीवर पडून.

त्या निघाल्यावर जॅनिन आतून धावत आली. "मम्मी, हे निळं निबंधाचं पुस्तक द्यायचं राहिलं. तू विसरलीस."

मी विसरले नव्हते. निबंधावरच कॉन्व्हेंट मिळतं नाहीतर हुकतं. मी म्हटलं, "पुढच्या वेळी देऊ." पण तोवर ती फाटकापर्यंत पोचली होती, "मावशी, थांब!" म्हणून ओरडत.

भोळी आहे माझी पोर. अशा पोरीचं या जगात कसं होणार, या काळजीने मला घास गेला नाही.

१९ ऑक्टोबर

मिस्टर लॉवेल यांनी आज चर्चच्या हॉलमध्ये सराव परीक्षा ठेवली होती, बाहेरच्या मुलांनाही फी भरून बसता येत होतं. बोयोने केरीशाची फी भरली. संध्याकाळी निकाल भिंतीवर लागला. केरीशा सगळ्या हॉलमध्ये तिसरी. जॅनिनचं नाव शोधायला मला खाली वाकावं लागलं.

लिहायचंच म्हणून लिहिते, मला जळायला झालं. पोटातून जळायला झालं. आमच्याकडे स्वतंत्र खोली, टेबल, एसी, माशाचं तेल, टॉनिक, आठवड्यातून चार दिवस शिकवणी. आणि ती पोरगी बापाच्या मॅक्सीत मागच्या सीटवर बसून, लोक चढता-उतरताना मांडीवर वही धरून अभ्यास करते. मॅक्सीत गाणी तर अशी वाजतात की काचा हादरतात. देवा, तुझा हिशोब मला कळत नाही.

शिकवणीतल्या दुसऱ्या एका आईने, मिसेस सेलेस्टीनने, माझ्या कानाशी येऊन विचारलं, "ती तिसरी आलेली कोण गं? तुझ्याबरोबर बोलत होती. तुझ्याकडे कामाला येते तिची का?"

"ओळखीतली आहे," मी म्हटलं.

तेवढ्यात हॉलच्या त्या टोकावरून केरीशाने हाक मारली, "मावशी! बघितलंस का?" कपाळ माझं!

७ नोव्हेंबर

शाळांची नावं भरायचा आठवडा. यूलिन आज कामावरून थेट स्वयंपाकघरात आली, अंगाला तळणाचा वास, पिशवीत केरीशाचा अर्ज.

"ताई, चार शाळांची नावं टाकायचीत, पसंतीने. केरीशाच्या बाई म्हणाल्या, कॉन्व्हेंट पहिलं टाका. मी म्हटलं, आधी ताईला विचारते. आपल्यात तूच तिथे गेलीस."

मी तिला बसवलं, माउबीचं सरबत दिलं. नीट समजावून सांगितलं.

"हे बघ, यूलिन. पहिल्या नावाला मार्क पुरले की ती शाळा मिळाली, विषय संपला. पण पहिलं नाव हुकलं, तर दुसरी-तिसरी शाळा तोवर त्यांच्या त्यांच्या पहिल्या पसंतीच्या पोरींनी भरलेली असते. मग आपलं पोर जाऊन पडतं कुठेतरी दोन मॅक्सी बदलून."

"मग काय करू?"

"अंथरूण पाहून पाय पसरावे. टेकडीखालची सरकारी शाळा पहिली टाक. चालत जाईल, चालत येईल. बाकीची तीनही आसपासचीच टाक."

"पण तिचे मार्क ताई..."

"ते सरावाचे. खऱ्या दिवशी ताप आला तर? आणि समजा मिळालंच कॉन्व्हेंट, तर पुढे? तिथल्या पोरी सुट्टीत मायामीला जातात. मी तिथे दोन वर्षं डब्याचं झाकण आडवं धरून जेवले, तुला कधी सांगितलं नाही. पोर कानकोंडी होईल गं."

यूलिनने ग्लास बाजूला सारून अर्ज पुढे ओढला. मग म्हणाली, "तू म्हणतेस तर तसं." पेन तिच्याकडे नव्हतं, माझंच दिलं.

ती गेल्यावर कर्टिस व्हरांड्यातून आत आला. म्हणाला, "जॅनिनच्या अर्जावर तू पहिलं काय टाकलंस?"

"कॉन्व्हेंट. आणखी काय टाकणार?"

"आणि जॅनिनला ताप आला तर?"

मी भांडी घासायला घेतली. मी यूलिनला एक शब्द खोटा सांगितला नाही. शिवाय एकाच कुटुंबातल्या दोन पोरी कॉन्व्हेंट घेतं की नाही कोण जाणे. आपण आपल्या पोरीचं नाही बघायचं तर कुणी बघायचं?

२३ डिसेंबर

सिस्टर बर्नाडेटना नाताळचा ब्लॅक केक देऊन आले. आता कॉन्व्हेंटच्या मुख्याध्यापिका आहेत, माझ्या वेळी भूगोल शिकवायच्या. कर्टिसच्या दुकानातून हॉलसाठी रंगाचे डबेही गेले. पास झालेल्यांमधून शंभर जागांमागे वीस पोरी सिस्टरना आपल्या मनाने निवडता येतात, हा चर्चचा सरकारशी जुना करार आहे. साहजिकच माजी विद्यार्थिनींच्या मुली, रविवारी चर्चमध्ये मासच्या प्रार्थनेला दिसणारी घरं, यांचा आधी विचार होतो. यात वशिला कुठे आला?

कर्टिस म्हणाला, "मग रंग कशाला?"

"हॉलच्या भिंतींची दशा बघवत नाही," मी म्हटलं. त्याला प्रत्येक गोष्टीत खोटच दिसते.

कार्निव्हलचा शनिवार

परीक्षेच्या वर्षी पोरांना कार्निव्हल नाही, हा नियम या बेटावर शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. जॅनिन खिडक्या लावून शब्दांची स्पेलिंगं पाठ करतेय आणि रडतेय. मी टीव्ही लावला, आवाज बंद करून. तर त्यात कोण? छोट्यांच्या मिरवणुकीत, पाठीला पुठ्ठ्याचे पंख लावून नाचणारी केरीशा! मागे यूलिन पाण्याची बाटली घेऊन.

म्हणजे ही नाचूनही पुढेच राहणार. मी टीव्ही बंद केला.

परीक्षेचा दिवस

रविवारी फादरनी मासमध्ये मुलांच्या पेन्सिलींना आशीर्वाद दिला. मी जॅनिनची अख्खी पेटी पुढे केली. यूलिन मागच्या बाकावर होती, केरीशाच्या हातात एकच पेन्सिल, दोन्ही बाजूंनी टोक काढलेली. मी आमच्यातली एक तिला दिली. खोटं कशाला सांगू, हात पुढे करताना मनात आलं, हिचं टोक ऐन वेळी मोडलं तर? लगेच क्रूस केला छातीवर.

आज फाटकाबाहेर आम्ही सगळ्या आया, माळ हातात. पोईची झाडं पिवळी धम्मक फुललीत. जॅनिन बाहेर आली ती पांढरी फटक. "निबंध पुरा झाला नाही, मम्मी." मी हसून म्हटलं, "काही हरकत नाही, बाळा." आणि गाडीत बसल्यावर पहिली गोष्ट केली ती ही, की पुढच्या आठवड्यात सिस्टरकडे कुठला केक न्यायचा ते ठरवलं.

३ जुलै

जॅनिनला कॉन्व्हेंट मिळालं!

मार्क काही विशेष नाहीत, पण मार्क कोण विचारतं? पिनाफोर बघतात लोक. सकाळपासून फोन थांबत नाहीये. अंगावर मूठभर मांस चढलं माझ्या. मिसेस सेलेस्टीनच्या मुलीला दुसऱ्या पसंतीवर समाधान मानावं लागलं. मी तिला फोन करून धीर दिला.

दुपारी यूलिनचा फोन. रडत होती. मला वाटलं, हुकलं. तर ती आनंदाने रडत होती. "ताई! पहिल्या पसंतीला लागली! आपल्या टेकडीवर या वर्षी कुणालाच पहिली पसंती मिळाली नाही, फक्त माझ्या केरीशाला! तू सांगितलंस म्हणून गं!"

मी म्हटलं, "बघ, मी म्हणत नव्हते?" आणि खरंच मला बरं वाटलं. दोघी आपापल्या जागी गेल्या, सगळे सुखी.

४ जुलै

कर्टिसने पेपर आणला आणि उभ्यानेच वाचायला लागला. अख्ख्या बेटात पहिल्या शंभरात आलेल्या मुलांची नावं छापतात, त्यात केरीशा. नुसतं नाव नाही, फोटो. टेकडीवरच्या घराच्या पायरीवर बसलेली, बोयोने दात काढलेले. बातमीदाराने विचारलं, तुझ्या यशाचं श्रेय कुणाला? तर म्हणे, "माझी अर्लीन मावशी सेंट आगाथाला होती, तिनेच मला पुस्तकं दिली."

"छान," कर्टिस म्हणाला. "नावासकट आलीस पेपरात."

अंगाचा नुसता तिळपापड. अभिनंदनाचे फोन मलाच! "तुमची भाची? मग तिने कॉन्व्हेंट का नाही टाकलं हो?" आठ तास मी एकच उत्तर देतेय, घरापासून लांब पडतं. यूलिनलाही शेजारणीने हेच विचारलं. यूलिनने तिलाच झापलं, "ताप आला असता तर? माझ्या ताईला तुमच्यापेक्षा जास्त कळतं." हे तिने मला मोठ्या कौतुकाने सांगितलं.

मी फोन ठेवला आणि उगाचच जॅनिनवर ओरडले, चपला वाटेत टाकल्या म्हणून.

१५ जुलै

सिस्टर बर्नाडेटचा फोन आला. मला वाटलं, पालकसभेचं असेल. वयामुळे सिस्टर इतक्या मोठ्याने बोलतात की फोन कानापासून लांब धरावा लागतो.

"अर्लीन, पेपरातली ती केरीशा तुझी भाची ना? देवानेच जुळवून आणलं बघ. आमच्या यादीतली एक मुलगी आईवडिलांबरोबर कॅनडाला चालली. जागा रिकामी झाली आहे, आणि एवढ्या मार्कांची मुलगी मला हवीच आहे. तिच्या शाळेत सुट्टीमुळे फोन कोणी उचलत नाही. तू तुझ्या बहिणीला सांग, शुक्रवारी चारच्या आत मुलीला घेऊन ऑफिसात ये. मग मात्र मला ती जागा पुढच्या नावाला द्यावी लागेल."

"सांगते, सिस्टर," मी म्हटलं.

मी फोन ठेवला. आता ही तिथेही येणार. सात वर्षं, प्रत्येक सत्राला, प्रत्येक बक्षीस समारंभाला वरती ती आणि खाली वाकून शोधायचं ते माझं पोर. मी केक नेले, रंग दिला, गुडघे टेकले. आणि ही नुसती पायरीवर बसून फोटो काढते आणि सिस्टर स्वतः फोन करतात! माझी लेक माझ्याच शाळेत दुसरी होणार, तेही घरातल्या घरात. नाही सहन होत मला.

जॅनिन टेबलाशी बसून नव्या वह्यांना कागद घालत होती. "कोण होतं, मम्मी?"

"शाळेतून. गणवेशाचं."

"केरीशाच्या?"

"तुझ्या," मी म्हटलं. आवाज जरा चढलाच.

१७ जुलै

फोन केला नाही. शाळा बंद म्हणून यूलिन दिवसभर टोपली घेऊन बाजारात असते, तिथे गोंगाटात काय सांगणार. शुक्रवारी तिच्याकडे जेवायला जायचंच आहे, निकालाबद्दल देवाचे आभार म्हणून. समोरासमोरच सांगेन. अशा गोष्टी फोनवर सांगत नाहीत.

१९ जुलै, शुक्रवार

टेकडीवर गाडी चढवणं म्हणजे दिव्य. घरात पाय ठेवायला जागा नाही एवढी माणसं. यूलिनने पहिलं ताट मला दिलं, कोंबडी घातलेला पेलाव भात आणि कोबीची कोशिंबीर, आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "ही माझी ताई. हिच्यामुळे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी काय करणार, हसले.

केरीशा तपकिरी स्कर्ट घालून आली. शाळा सुरू व्हायला दीड महिना आहे अजून! यूलिनने आईच्या जुन्या मशीनवर शिवलाय. पोर गोल गोल फिरून सगळ्यांना दाखवत होती. ते बघून मी ठरवलं, नाही सांगायचं. एवढी सुखात आहेत ही माणसं, त्यात माती कशाला कालवायची? तिथे जाऊन ती झाकण आडवं धरून जेवेल. मला माहीत आहे ते काय असतं, यूलिनला नाही.

जेवणानंतर केरीशा माझ्या खुर्चीशी येऊन बसली. "मावशी, कॉन्व्हेंटची लायब्ररी केवढी आहे?"

"आहे आपली, बरी."

"जॅनिन म्हणाली, ती मला तिथून पुस्तकं आणून देईल. वाचून झाली की."

"देईल की," मी म्हटलं. आणि पाणी प्यायले. मग केरीशा आणि जॅनिन दोघी मागच्या स्वयंपाकघरात यूलिनला मदत करायला गेल्या.

अडीचलाच निघालो. या लोकांना रीत कशी ती नाही. पाहुणे अजून बसलेले, आणि बोयो हातातलं ताट टाकून मॅक्सी काढायला धावला. यूलिनने तर मला धड निरोपही दिला नाही, हात पुसत नुसती मिठी मारली, इतकी घट्ट की माझी माळ तुटायची.

आता पाच वाजलेत. चार वाजून गेले. झालं ते झालं. आता विचार करायचा नाही.

८ ऑगस्ट

जॅनिनला चार पिनाफोर शिवून घेतले होते, तीनच सापडतायत. वाळत घातलेला वाऱ्याने उडाला असेल, नाहीतर शेजारच्या कुत्र्याने ओढला. जॅनिन म्हणते, "मला तीन पुरतील, मम्मी." कशाची फिकीर म्हणून नाही या पोरीला.

यूलिनचा बरेच दिवस फोन नाही. असेल कामात.

२ सप्टेंबर

कॉन्व्हेंटचा पहिला दिवस. मी क्रीम रंगाचा ड्रेस घातला होता, मोत्यांचे डूल. फाटकाशी आम्ही सगळ्या जुन्या पोरी, फोटो काढत होतो. तेवढ्यात एक मॅक्सी येऊन थांबली, भर गाड्यांच्या रांगेत. त्यातून यूलिन उतरली. मागून केरीशा, निळ्या पिनाफोरमध्ये. खालची पट्टी उसवून लांब केलेला. उसवलेल्या जागेची रेघ दिसत होती.

मी जागच्या जागी उभी. यूलिनने सगळ्यांसमोर येऊन मिठी मारली. तळणाचा वास नव्हता आज, साबणाचा होता.

"ताई, तुझे उपकार कसे फेडू? जॅनिनने त्या दिवशी स्वयंपाकघरात सांगितलं. म्हणाली, मम्मीला सिस्टरचा फोन आलाय, चारच्या आत जायचंय. इतक्या माणसांत मम्मीला बोलवत नाहीये, म्हणून तिने मला सांगायला लावलं. अगं, बोयोने मॅक्सी अशी हाणली! सिस्टर म्हणाल्या, मंत्रालयाचा कागद येईपर्यंत कुठे बोलू नका. कसं धरून ठेवलं पोटात, माझं मला माहीत. पिनाफोरही पाठवलास तू! पहिल्या पसंतीची शाळाही तूच दिलीस, आणि त्याच्यावरचीही तूच दिलीस."

मिसेस सेलेस्टीन तिथेच होती. "म्हणजे ही तुझी बहीण?" तिने विचारलं.

"हो," मी म्हटलं. "सख्खी."

दुपारी जॅनिनला आणायला गेले. केरीशा पहिल्या तुकडीत, जॅनिन चौथ्या. हे मी न विचारताच जॅनिनने सांगितलं, आणि हेही सांगितलं की मधल्या सुट्टीत केरीशाने डबा उघडला तेव्हा बेक नि मासा बघून सगळ्या पोरी तिच्याभोवती जमल्या, एक तुकडा मिळावा म्हणून. झाकण तिने आडवं धरलं नव्हतं. मला तेही झोंबलं. खरंच झोंबलं.

गाडी सवानाच्या मैदानापाशी आली. मग तिनेच विचारलं, "मम्मी, रागावलीस?"

"कशाबद्दल?"

"तू मावशीला निरोप द्यायचा विसरलीस ना, म्हणून मी दिला."

सिग्नल लाल होता. मी समोर बघत म्हटलं, "हो गं. विसरलेच मी."

"मला वाटलंच," जॅनिन म्हणाली. "निळ्या पुस्तकासारखं."